घराला रंग काढायचाय: सगळं ठरलंय, एक भिंत सोडून

खिडकीपाशी | १६ सप्टेंबर, रात्री ११.४०

मंडळी, मुलुंडला वन बीएचके, ५४० कार्पेट, सात मजली इमारतीत चौथा मजला. इमारत पंचवीस वर्षांची. मागचा रंग नऊ वर्षांपूर्वीचा. दिवाळीआधी घर रंगवून घ्यायचं असं ठरवून तीन जणांकडून अंदाज घेतले. एकाने ३१ हजार सांगितले, दुसऱ्याने ५३,३००, तिसऱ्याने ७८ हजार. घर तेच, भिंती त्याच. हा फरक कशाचा?

दुसरं म्हणजे बेडरूमची पश्चिमेची भिंत. गोदरेजच्या कपाटामागे जुलैपासून पोपडे धरलेत. कपाट पुढे ओढलं तर मागे साधारण दोन बाय तीन फुटांचा पट्टा, वर पांढरी भुकटी. बोट लावलं की पिठासारखी हाताला येते. ३१ हजारवाला म्हणतो, "मॅडम, डॅम्पप्रूफ मार देंगे, टेन्शन मत लो." मला टेन्शन आलंय.

घरात सासूबाईंना दमा आहे. घर रिकामं करून जायला जागा नाही. हॉलला फिकट पिस्ता की मोतिया यावर घरात दोन पक्ष पडलेत, तेही सोडवून द्या.

आगाऊ कार्टं | १७ सप्टेंबर, सकाळी ८.०५

रंग काढायचाय की लावायचाय? आमच्या पुण्यात काढायचा म्हणजे खरवडून टाकायचा. (हलके घ्या.)

खिडकीपाशी | ८.२०

आमच्याकडे रंग काढतातच. तुमच्याकडे काय देतात ते तुम्ही ठरवा. :)

तिसरा मजला | ९.१५

मोतिया. पिस्ता रंग ट्यूबलाइटखाली दवाखान्यासारखा दिसतो. वाचनखूण साठवली, आम्हालाही डिसेंबरात काढायचाय.

ओळंबा | १०.५०

ताई, पिस्ता-मोतियाचं नंतर बघू. आधी त्या भिंतीचं बोलू. बांधकामात तीस वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं लांबण लावतो.

ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. भिंतीत पाणी शिरतं, विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून आतल्या बाजूला येतं आणि हवेत सुकून जातं. क्षार मागे राहतात. तेच रंगाला आतून ढकलतात आणि पोपडे येतात. म्हणजे दोष रंगात नाही, पाण्याच्या वाटेत आहे. ती वाट उघडी ठेवून वरून कितीही महागडं काही लावलंत तरी पुढच्या जुलैत ते फुगणार. आतून पक्का थर दिला तर पाणी त्या थराच्या कडेने वाट काढतं आणि दोन फूट पलीकडे नवीन डाग उमटतो. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की मोजणं सोडून दिलं.

दोन गोष्टी करा. एक, पोपडे आलेल्या पट्ट्याशेजारी जिथे रंग धड आहे तिथे फूटभर चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि २४ तास तसंच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतली आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं तर ती हवेतली. दोन, डागाची वरची कड कुठे सुरू होते ते पेन्सिलने आखून ठेवा, शेजारी तारीख घाला. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी बघा.

मुंबईत पावसाळी वारं नैर्ऋत्येकडून येतं, म्हणून पश्चिम आणि दक्षिण भिंती सगळ्यात जास्त मार खातात. तुमची पश्चिमेची आहे, त्यामुळे पहिला संशय बाहेरचाच घ्यावा.

चाळकरी | दुपारी १.३०

काकांना अनुमोदन, पण बाहेरचं कशाला? शंभरात नव्वद वेळा वरच्याच्या नहाणीचा ट्रॅप गळत असतो. सोसायटीला लेखी पत्र द्या, वरच्यांना नोटीस काढायला लावा. तोंडी सांगितलं की कोणी हलत नाही.

खिडकीपाशी | १९ सप्टेंबर, रात्री १०.१०

प्लास्टिक लावलं होतं. आतल्या बाजूला बारीक थेंब, बोट फिरवलं तर ओलं. म्हणजे भिंतीतलीच.

काल वरच्या काकूंकडे गेले होते. नीट सांगायला सुरुवात केली आणि पाच मिनिटांत आवाज चढले. "आमच्याकडे काही गळत नाही, तुमच्याच भिंतीला रोग आहे." आता पत्र लिहायला बसलेय.

ओळंबा | १० वाजून ४० मिनिटांनी

थांबा. पत्र लिहिण्याआधी एक सांगा: त्या डागाच्या बरोबर वर काकूंचं बाथरूम येतं का? तुमची आणि त्यांची आखणी सारखीच असणार. तुमचं बाथरूम कुठल्या बाजूला आहे? आणि त्या भिंतीवर एसी आहे का?

खिडकीपाशी | १०.५५

बाथरूम पूर्वेला, जिन्याच्या बाजूला. अरे देवा.

एसी आहे. डागाच्या वर, दीड-दोन फुटांवर. तीन वर्षांपूर्वी बसवला.

ओळंबा | ११.०५

पत्र फाडा. एसीवाल्याला बोलवा.

चाळकरी | ११.१२

उरलेल्या दहा वेळांतली ही एक निघाली. काकूंना दिवाळीचा फराळ जरा जास्त पाठवा.

खिडकीपाशी | २३ सप्टेंबर, संध्याकाळी ७.००

एसीचा माणूस आज आला. कमरेला पट्टा लावूनच बाहेर वाकायचं, नाहीतर काम नको, असं आधीच सांगितलं होतं. आतलं युनिट उतरवलं. मागे तांब्याच्या नळ्या जातात ते भोक माझ्या मुठीएवढं. त्यात पेन्सिल ठेवली तर ती आपोआप घरंगळत माझ्याकडे आली! भोक पाडतानाच उतार आतल्या बाजूला ठेवलेला. बाहेरून लावलेलं पांढरं मटेरियल वाळून तडकलेलं, अर्धं तर नाहीच. नळीवरचा काळा फोम ओला गच्च, पिळला तर पाणी निघालं. त्याने बाहेरून नळीवर दोन तांबे पाणी ओतलं. पंधरा मिनिटांत आत भोकाच्या खालच्या कडेला ओघळ.

त्याने जुनं सगळं काढलं, भोक फोमने भरलं, बाहेरून सिलिकॉन सीलंट लावलं. बाहेरच्या नळीला भिंतीत शिरण्याआधी खाली एक वळसा दिला, म्हणजे नळीवरून येणारं पाणी वळशावरून खाली ठिबकेल, आत येणार नाही. अर्ध्या तासाचं काम. तीन पावसाळे मी त्या कपाटामागे नॅप्थलीनच्या गोळ्या टाकत होते.

ओळंबा | ७.४५

उत्तम. आता घाई करू नका. वाट बंद झाली, पण भिंतीने प्यायलेलं पाणी आतच आहे. ऑक्टोबरचं ऊन पश्चिम भिंतीवर दुपारी मस्त पडतं, ते फुकटचं औषध. त्या पट्ट्यावरची पुट्टी आताच प्लास्टरपर्यंत खरवडून भिंत उघडी ठेवा म्हणजे लवकर सुकेल. लोणा कोरड्या तारेच्या ब्रशनेच झाडायचा. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात. कपाट हातभर पुढेच राहू दे. दिवाळीला ही भिंत उघडी राहील, राहू दे. बाकीचं घर करून घ्या.

रंगाऱ्याचा पोर | २४ सप्टेंबर, रात्री १२.३०

बाबांनी चाळीस वर्षं रंगकाम केलं, मीही सुट्टीत हाताखाली काम करून कॉलेजची फी भरली. आतल्या गोष्टी सांगतो, रंगारी बांधवांनी माफ करावं.

तीन अंदाजांतला फरक मुख्यतः पुट्टीत आणि मापात असतो. ३१ हजारवाला बहुतेक 'टचिंग'च्या भावाने बोलतोय: जिथे गेलंय तिथेच पुट्टी, मग प्रायमर, मग साधं इमल्शन दोन हात. ७८वाला सगळीकडे दोन हात पुट्टी आणि भारीतलं इमल्शन धरतोय. तिघांकडूनही कागदावर लिहून घ्या: कुठली पुट्टी, किती हात, कुठल्या कंपनीचा कुठला रंग, डबे घरी तुमच्यासमोर उघडणार का.

कुठली पुट्टी हे यासाठी की पांढऱ्या सिमेंटची पुट्टी उघड्या प्लास्टरवर धरते. जुन्या रंगावर, त्यातही जुन्या डिस्टेंपरवर ती नीट धरत नाही, वर्ष-दोन वर्षांत पापड सुटतात. जुना रंग पक्का असेल तर घासून त्यावर ॲक्रिलिक पुट्टी. जुना रंग हाताला खडूसारखा लागत असेल तर तो डिस्टेंपर किंवा चुना, तो खरवडल्याशिवाय सुटका नाही. बाबा ओल्या फडक्याने भिंत पुसायचे. फडक्यावर रंग आला की गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि मगच भाव सांगायचे.

पुट्टी झाल्यावर बल्बची परीक्षा घ्या. रात्री खोलीतले दिवे बंद करून लांब वायरचा बल्ब भिंतीला जवळजवळ टेकवून एका कडेला धरा. उजेड भिंतीवरून तिरपा गेला की प्रत्येक खड्डा, पट्टीचा प्रत्येक ओरखडा सावली टाकतो. दिसेल तिथे पेन्सिलने गोल करा. सकाळी रंगाऱ्याला ते गोल दाखवा. तो मनात शिव्या देईल, पण भरेल. हे प्रायमरच्या आधीच करायचं. रंग झाल्यावर दाखवून काही उपयोग नाही, आणि चकचकीत फिनिश घेतलात तर ते खड्डे आणखी उठून दिसतात.

पाणी. डब्यावर लिहिलेलं असतं किती मिसळायचं. त्याच्यावर गेलं की रंग स्वस्तात पसरतो आणि भिंत झाकत नाही, मग तिसरा हात लागतो किंवा डाग दिसत राहतात. आणि डब्यातलं टोकन. अनेक कंपन्यांच्या डब्यात रंगाऱ्यासाठी टोकन किंवा स्कॅन करायचा कोड असतो, त्याचे पैसे त्याला मिळतात. अमुकच घ्या असा आग्रह धरला तर त्यामागे कधीकधी तेही असतं. त्याच्या पोटावर पाय आणू नका, टोकन त्यालाच द्या, पण रंग तुम्ही निवडा.

पैसे तीन हप्त्यांत: सामान आल्यावर, पुट्टी-प्रायमर झाल्यावर, शेवटचा साफसफाईनंतर. पुसून न दिलेल्या फरशीवर वाळलेले ठिपके मी स्वतः ब्लेडने काढलेत, म्हणून सांगतो.

आगाऊ कार्टं | सकाळी ७.५०

ही पोस्ट फ्रेम करून रंगाऱ्याच्या डोक्यावर टांगावी.

गिरगावकर | ९.३०

अवांतर: एशियन पेंट्सची सुरुवात १९४२ मध्ये आमच्या गिरगावात, गायवाडीतल्या एका गॅरेजमध्ये झाली. त्यांच्या जाहिरातीतला, हातात डबा-ब्रश घेतलेला पोरगा गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये काढला. नेरोलॅकचं मूळ तर १९२० चं, लोअर परळचं. तेव्हा मुंबईकराने रंगावर तीन-तीन पानं लिहिली तर नवल नाही. आमच्या घरी मात्र आजोबा असेपर्यंत चुनाच, त्यात चिमूटभर नीळ. नीळ जास्त झाली की भिंत आभाळी व्हायची आणि आजी आठवडाभर बोलायची नाही.

तिसरा मजला | ११.००

रंगावर परत येते. छापील शेडकार्डावरून ठरवू नका. भिंतीवर गेल्यावर तोच रंग जास्त गडद वाटतो. सॅम्पलचा छोटा डबा आणा, दोन-दोन फुटांचे चौकोन मारा, आणि सकाळी, दुपारी चारला, रात्री दिव्याखाली, तिन्ही वेळा बघा. आमच्या हॉलसमोर वीस फुटांवर दुसरी बिल्डिंग आहे. तिला गेल्या वर्षी गुलाबी-विटकरी रंग लागला आणि आमच्या पांढऱ्या हॉलला दुपारी अंजिरी छटा यायला लागली. मुंबईत आपला रंग निम्मा शेजारची बिल्डिंग ठरवते.

निवांत | दुपारी ३.१५

दम्याबद्दल. धूळ घासताना उडते, रंगापेक्षा तिचाच त्रास जास्त. आईंना त्या दिवसांत दुसऱ्या खोलीत ठेवून दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा. शक्य असेल तर पुट्टी-घासणीचे दोन-तीन दिवस नातेवाइकांकडे पाठवा. पाण्यात मिसळणाऱ्या, कमी व्हीओसीच्या (म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी असलेल्या) इमल्शनचा वास तेलाच्या रंगाइतका उग्र नसतो.

दारं-खिडक्यांच्या चौकटींवर जुना ऑइल पेंट असेल तर तो कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नको हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते किती असेल सांगता येत नाही. तुमची इमारत पंचवीस वर्षांची, म्हणजे खालचे थर जुनेच. पाण्याने ओला करून वॉटर पेपरने घासायचं, गाळ कागदावर गोळा करून बांधून टाकायचा. घासणाऱ्याला एन ९५ मास्क तुम्ही आणून द्या. तो लावेलच असं नाही, पण द्या.

आणि स्वयंपाकघरात फोडणीची भिंत आधी धुण्याच्या सोड्याने घासून, साध्या पाण्याने पुसून, सुकवून घ्या. तेलकट भिंतीवर प्रायमर चिकटत नाही.

खिडकीपाशी | १२ ऑक्टोबर, रात्री १०.३०

अपडेट द्यायला उशीर झाला, घरात बसायला खुर्ची नव्हती.

५३,३०० वाल्याला काम दिलं, पण आधी मी आणि लेकाने टेप घेऊन घर मोजलं. त्याने २,०५० चौरस फूट लिहिले होते, २६ रुपये दराने. आमचं माप १,६९० आलं. त्याने खिडक्या, दारं आणि स्वयंपाकघर-बाथरूमच्या टाइल्स वजाच केल्या नव्हत्या. एका खोलीचा हिशेब त्याच्यासमोर केला: १० बाय १२ ची खोली, उंची ९. घेर ४४, गुणिले ९ म्हणजे ३९६. दार २१, खिडकी २० वजा केली की ३५५. छत १२०. एकूण ४७५. तो म्हणाला, "दार-खिडकीच्या कडा सांभाळायलाही वेळ लागतो." ते मला पटलं. शेवटी दारं-खिडक्या अर्ध्या धरल्या, टाइल्स पूर्ण वजा. भांडण न होता सात हजार उतरले.

काम खोलीखोलीने झालं. हॉल चालू असताना आम्ही पाच जण बेडरूममध्ये, गॅस आणि फ्रिज यांच्यामध्ये जेवायला एक पाट. सासूबाई घासणीचे तीन दिवस नणंदेकडे डोंबिवलीला. सोसायटीने कामगारांचे पास, सकाळी १० ते संध्याकाळी ६ ची वेळ आणि लिफ्टमध्ये आतून पुठ्ठा लावायला सांगितलं. पुठ्ठा आम्हालाच आणावा लागला.

हॉलच्या कोपऱ्यात जुना रंग खरवडताना एकाखाली एक निघत गेलं: आमचा क्रीम, त्याखाली आकाशी, मग भडक पोपटी, आणि तळाशी बिल्डरचा पांढरा. पोपटी कोणी मारला असेल या विचाराने आम्ही दोन दिवस हसत होतो.

बल्बची परीक्षा घेतली. हॉलच्या एका भिंतीवर ३४ गोल निघाले. रंगारी बघतच राहिला. मग त्यानेच दुसऱ्या दिवशी बल्ब मागून घेतला आणि बेडरूममध्ये स्वतः गोल केले.

मोतिया जिंकला. चारच्या उन्हात पिस्ता समोरच्या पिवळ्या बिल्डिंगमुळे ओल्या मुगासारखा दिसत होता.

रंगाऱ्याचा पोर | ११.१०

बल्ब मागून घेतला म्हणजे माणूस चांगला आहे. त्याला सोडू नका.

झाकणावरचा शेडच्या कोडचा स्टिकर काढून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवा. पुढे डाग भरायचा झाला तर तोच कोड लागेल. उरलेला रंग लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. अर्ध्या रिकाम्या डब्यात त्याला साय धरते.

चाळकरी | १३ ऑक्टोबर, सकाळी ९.००

फराळ गेला का वर?

खिडकीपाशी | ९.०५

दिवाळी होऊ दे हो!

खिडकीपाशी | २५ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

धागा वर काढतेय. ती भिंत झाली.

दिवाळीला ती उघडीच होती. पाहुण्यांसमोर पडदा लावला. ओळंबाकाकांनी सांगितल्याप्रमाणे नोव्हेंबरच्या मध्यावर परत प्लास्टिक लावलं, आत दव नव्हतं. पण लोणा मात्र एकदा परत आला, फिकट, चिमूटभर. परत कोरडा झाडला. काकांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर म्हणाले, उरलेलं पाणी बाहेर पडतंय, येऊ दे. डिसेंबरच्या सुरुवातीला फुसफुशीत झालेलं प्लास्टर ठोकून काढलं, पॉलिमर मिसळून पॅच मारला, आठवडाभर पाणी मारलं आणि पुढे चार आठवडे हात लावला नाही. मग पुट्टी, घासणी, प्रायमर, दोन हात. कोड तोच, कपाटाच्या दारावरचा. तरीही बाकीच्या भिंतींपेक्षा किंचित उजळ दिसते, कारण बाकीच्यांना तीन महिने झाले. संपूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारली म्हणून जोड कळत नाही.

कपाट अजून वीतभर पुढेच ठेवलंय. मागे पेन्सिलची जुनी रेघ होती तिथेच नवीन रेघ आणि तारीख घातली आहे. जूनमध्ये कळेल.

ओळंबा | ७.००

छान. रेघेचा फोटोही काढून ठेवा, कपाट हलवलं की कुठे होती ते आठवत नाही.

चाळकरी | ७.३०

आणि काकू?

खिडकीपाशी | ७.४५

तेच सांगायचं राहिलं. फराळ दिला होता, चकल्यांचं कौतुकही झालं, पण डागाचा विषय दोघींनीही काढला नाही. काल लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, तुमचा तो रंगारी आणि एसीवाला दोघांनाही जरा वर पाठवा, आमच्या एसीखालीही पांढरं पीठ यायला लागलंय. दोन्ही घरांचे एसी एकाच माणसाने एकाच दिवशी बसवले होते.

तिसरा मजला | ८.१०

रंगाऱ्याचा नंबर मलाही द्या ना. बल्ब आमच्याकडे आहे.

खिडकीपाशी | ८.१५

व्यनि केलाय.